तिचे शब्द तिचेच राहू द्या

(आपल्या महासंघाच्या वार्षिक मेळाव्यात दुपारच्या सत्रात एका समुपदेशक ताईंनी केलेलं हे भाषण. त्या बालकांच्या खटल्यांमध्ये ‘सहाय्यक व्यक्ती’ म्हणून काम करतात. मेळाव्याला येऊ न शकलेल्या मैत्रिणींनी आग्रह केल्यामुळे ते इथे छापत आहोत. ग्रामसंघाच्या बैठकीत मोठ्याने वाचावं, ही विनंती.)



जेवण झाल्यावरचं सत्र अवघड असतं, मला ठाऊक आहे. त्यात माझा विषय जड. पोलीस, कोर्ट आणि माणसाचं मन. सकाळी एका ताईंनी मला विचारलं, “तुम्ही मानसशास्त्रवाल्या ना? मग कोर्टात गुन्हेगाराचं मन कसं ओळखता? ती नार्को टेस्ट तुम्हीच करता का?”

टीव्हीमुळे आपल्याला असंच वाटतं. इंजेक्शन दिलं, मशीन लावलं की खरं बाहेर. पण २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नार्को, लाय डिटेक्टर, मेंदूची चाचणी यांतली कोणतीही कुणावर जबरदस्तीने करता येणार नाही. स्वतःच्या मर्जीने चाचणी दिली, तरी तिचा निकाल हाच थेट पुरावा म्हणून धरता येत नाही. अर्धवट शुद्धीतलं बोलणं हे त्या माणसाने समजून उमजून केलेलं बोलणं नसतं.

मग मानसशास्त्र कामाला येतं कुठे? सगळ्यात जास्त येतं प्रश्न विचारण्यात. कुणी विचारलं, कोणत्या शब्दांत विचारलं, किती वेळा विचारलं, यावर समोरच्या माणसाला काय आठवतं ते ठरतं. आणि लहान मुलीच्या बाबतीत पहिला प्रश्न पोलीस विचारत नाहीत, न्यायाधीशही विचारत नाहीत. पहिला प्रश्न आई, आजी, अंगणवाडी ताई, गटातली मावशी विचारते. म्हणून आज मी तुमच्याशी बोलायला आले.

लाल पिशवी

मघाशी चहाच्या वेळी एक मुलगा सामान घेऊन या मांडवातून गेला. नंतर मी पुढच्या रांगेतल्या ताईंना विचारलं, “त्याची लाल पिशवी कोणत्या हातात होती?” कुणी उजव्या म्हणालं, कुणी डाव्या. दोघींची तर थोडी बाचाबाचीही झाली! पिशवी लाल नव्हती, हिरवी होती. खोटं कुणीच बोललं नाही. ‘लाल’ हा शब्द माझा होता. तो मी प्रश्नातून तुमच्या डोक्यात घातला आणि तुम्ही तो तुमच्या आठवणीत सांभाळून ठेवलात.

यावर अमेरिकेतल्या एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ साली एक प्रयोग केला होता. त्यांनी विद्यार्थ्यांना गाड्यांच्या अपघाताची फिल्म दाखवली. काहींना विचारलं, गाड्या एकमेकींना ‘धडकल्या’ तेव्हा वेग किती होता? काहींना विचारलं, गाड्या एकमेकींवर ‘जोरात आदळल्या’ तेव्हा वेग किती होता? फिल्म तीच. पण ‘धडकल्या’वाल्यांनी सरासरी ताशी ३४ मैल सांगितले आणि ‘आदळल्या’वाल्यांनी जवळजवळ ४१. दुसऱ्या वेळी त्यांनी आठवड्याने विद्यार्थ्यांना परत बोलावून विचारलं, फुटलेल्या काचा दिसल्या का? फिल्ममध्ये काच फुटलीच नव्हती. तरी ‘आदळल्या’ ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जण ‘हो’ म्हणाले. ‘धडकल्या’ ऐकलेल्या ५० जणांमधले ७ जण म्हणाले.

आपण आठवणीला डब्यात झाकून ठेवलेल्या लोणच्यासारखं समजतो. झाकण काढलं की जसंच्या तसं. पण प्रत्येक वेळी झाकण उघडताना बाहेरचं काहीतरी आत पडतं. ही सगळी मोठी, शिकलेली मुलं होती. मग आठ-नऊ वर्षांच्या लेकराचं काय होत असेल?

माझी चूक

आता जे सांगते ते मी बरीच वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. नाव, गाव सांगणार नाही आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मी कामाला नवीन होते. एक नऊ वर्षांची मुलगी. शेजारचे एक काका. आईच्या लक्षात आलं की पोर त्या घराकडे जायचं नाव काढलं की रडते. मी घरी गेले. आईने चुलीपुढे पाट दिला, मुलगी माझ्या शेजारी बसली. तिच्याशी मैत्री झाली होती. ती सांगायला लागली, “ताई, काकांकडे मांजरीला पिल्लं झाली होती. एक पांढरं होतं. त्याचा डोळा उघडत नव्हता…”

मला घाई होती. पाच वाजता पोलीस जबाब घ्यायला येणार होते. मी म्हणाले, “बाळा, पिल्लांचं राहू दे. मला सांग, काकांनी तुझ्या कपड्यात हात घातला ना?”

तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

संध्याकाळी जबाबात तेच वाक्य आलं, माझंच वाक्य. पुढे मॅजिस्ट्रेटसमोरच्या जबाबातही तेच. दोन वर्षांनी खटला उभा राहिला. मी मुलीबरोबर कोर्टात होते. कायद्याप्रमाणे आरोपीच्या वकिलाला मुलीला थेट प्रश्न विचारता येत नाही, तो न्यायाधीशांना सांगतो आणि न्यायाधीश विचारतात. न्यायाधीशांनी अगदी मायेने विचारलं, “बाळा, हे असं बोलायचं तुला कुणी सांगितलं?”

मुलीने माझ्याकडे बोट दाखवलं. “या ताईंनी.”

ती खोटं बोलत नव्हती. शब्द माझेच होते. आरोपी सुटला. निकालाला इतरही कारणं होती, पण मुलीला पढवलेलं असण्याची शक्यता नाकारता येत नाही, हे वाक्य निकालपत्रात होतं. ते मी वाचलं आणि मग त्या आईसमोर जाऊन बसले. तिने मला काहीच विचारलं नाही. ते जास्त जड गेलं.

खूप उशिरा माझ्या ध्यानात आलं, मुलगी पिल्लांपासून सुरुवात करत होती कारण गोष्ट तिथूनच सुरू होत होती. पिल्लं दाखवतो म्हणूनच तिला आत नेलं असणार. ते पांढरं पिल्लू, तो न उघडणारा डोळा, हे कुणी शिकवून येत नाही. तोच तिच्या खरेपणाचा पुरावा होता आणि “राहू दे” म्हणून तो मी गमावला.

मग विचारायचं कसं?

मुलीला तिची गोष्ट तिच्या शब्दांत सांगू द्यायची. आपण फक्त दार उघडं ठेवायचं. ही चार वाक्यं लक्षात ठेवा:

“काय झालं ते मला सांग.”
“मग काय झालं?”
“तू म्हणालीस ना, … त्याबद्दल अजून सांग.” (इथे तिचाच शब्द वापरायचा.)
“तू सांगितलंस ते बरं केलंस. तुझी काही चूक नाही.”

एवढं पुरे. ‘त्याने असं केलं का, तसं केलं का’ असे हो-नाहीचे प्रश्न नकोत. माणसाचं नाव आपण घ्यायचं नाही, ती घेईल. ‘तू ओरडली का नाहीस’, ‘आधी का नाही सांगितलंस’, ‘तिथे गेलीसच कशाला’ हे तर तोंडातून काढूच नका. लेकराला त्यात फक्त एवढंच ऐकू येतं, माझं चुकलं.

दुसरी गोष्ट, एकीनेच ऐकायचं. आई रडत विचारते, मग आत्या, मग मामा, मग गटाच्या अध्यक्षा, मग पोलीस पाटील. सहाव्यांदा विचारल्यावर पोरीला वाटतं, माझं आधीचं उत्तर चुकलं असेल. मग ती उत्तर बदलते आणि कोर्टात तो फरक तिच्याच विरोधात दाखवला जातो. संपूर्ण हकीगत ज्याचं काम आहे त्याने घ्यायची. आपल्याला फक्त मदतीला धावण्यापुरतं कळलं तरी बस्स.

तिसरी गोष्ट, ती जे बोलली ते जसंच्या तसं एका कागदावर लिहा. तारीख, वेळ, आपण काय विचारलं, ती काय म्हणाली. ‘सू-ची जागा’ म्हणाली तर तेच लिहा. ‘लैंगिक अत्याचार’ हा आपला शब्द तिच्या तोंडी घालू नका. कागद पोलिसांना द्या. ग्रामसंघाच्या प्रोसिडिंग वहीत तिचं नाव किंवा घटना लिहू नका. ती वही दहा हातांतून जाते.

चौथी गोष्ट, “मी कुणाला सांगणार नाही” असं वचन देऊ नका. ते पाळता येणार नाही आणि मोडलं की तिचा विश्वास जातो. म्हणा, “तुला मदत करू शकतील अशाच माणसांना मी सांगेन.”

उशिरा सांगते, तुकड्यातुकड्याने सांगते, म्हणून खोटं नाही

गावात लगेच बोललं जातं, “एवढं झालं होतं तर सहा महिने गप्प का?” केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली एक मोठा अभ्यास जाहीर केला. १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलामुलींशी बोलणं झालं. निम्म्याहून जास्त, ५३ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक छळ झाल्याचं सांगितलं, त्यात मुलगेही होते. छळ करणाऱ्यांत निम्मे जण मुलाच्या ओळखीचे किंवा विश्वासातले होते. बहुतेक मुलांनी ते कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

ज्याच्या हातून खाऊ घेतला त्याच्याविरुद्ध बोलायला लेकराची जीभ लवकर उचलत नाही. आधी थोडं सांगून बघतं. आई ओरडली की परत गप्प. कधी तर “मी खोटं बोलले” असंही म्हणतं, कारण घरात भांडण पेटलंय ते आपल्यामुळेच, असं त्याला वाटतं. हे मुलांबरोबर काम करणाऱ्यांना ठाऊक असतं, पण आपल्यालाही ते ठाऊक असायला हवं.

“ओरडली का नाही?”

हा प्रश्न मोठ्या बायकांनाही विचारला जातो. याची फार मोठी किंमत आपल्याच मातीतल्या एका मुलीने मोजली आहे. १९७२ साली त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यात, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याची तक्रार झाली. सत्र न्यायालयाने त्यांना सोडलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी ठरवलं आणि म्हटलं की भीतीने मुकाट राहणं म्हणजे संमती नव्हे. पण सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, हे तिच्या विरोधात धरलं गेलं. १९७९ साली कायद्याच्या चार प्राध्यापकांनी न्यायालयाला उघडं पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ साली कायदा बदलला.

मानसशास्त्र आज काय सांगतं? भीतीच्या वेळी शरीर तीन गोष्टी करतं. लढतं, पळतं किंवा थिजतं. पाल पकडली की कशी निपचित पडते, तसं. ते ठरवून होत नाही. स्वीडनमध्ये स्टॉकहोमच्या एका रुग्णालयात बलात्कारानंतर आलेल्या २९८ स्त्रियांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात १०० पैकी ७० जणींनी आपलं शरीर बऱ्यापैकी थिजल्याचं सांगितलं. म्हणजे न ओरडणं हीच तिथे जास्त दिसलेली गोष्ट होती. आपल्या कायद्यातही २०१३ पासून स्पष्ट लिहिलं आहे, केवळ अंगाने प्रतिकार केला नाही म्हणून स्त्रीची संमती होती असं मानता येणार नाही. पुढच्या वेळी पारावर कुणी “ओरडली का नाही” म्हणालं, तर हे सांगा.

कायद्याने काय दिलंय

बालकांसाठीचा पोक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. १८ वर्षांखालची मुलगी असो की मुलगा, दोघांनाही. त्यातल्या बऱ्याच तरतुदी मुलाच्या मनाचा विचार करून केल्या आहेत:

• गुन्हा झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. लपवणं हा गुन्हा आहे. चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर खटला भरता येत नाही.
• जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल त्या ठिकाणी घ्यायचा. शक्यतो महिला पोलीस अधिकारी हवी, गणवेश नको. आईवडील किंवा मुलाचा विश्वास असलेली व्यक्ती सोबत हवी. मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही.
• मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच करायची. सरकारी असो की खाजगी, दवाखान्याने उपचार मोफत द्यायचे. जाण्याआधी कपडे धुऊ नका. कोरड्या कागदात गुंडाळून न्या, प्लास्टिकमध्ये नको.
• पोलिसांनी २४ तासांत बाल कल्याण समितीला कळवायचं. समिती कुटुंबाला सहाय्यक व्यक्ती देऊ शकते. मिळाली नाही तर मागा.
• कोर्टात दार बंद करून सुनावणी होते. मुलाला आरोपी दिसू नये अशी सोय करायची, मध्ये विश्रांती द्यायची, पुन्हा पुन्हा बोलवायचं नाही.

२०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सगळ्या उच्च न्यायालयांना आदेश दिले की, अशा नाजूक परिस्थितीतल्या साक्षीदारांसाठी वेगळी साक्ष केंद्रं उभारा. मुलाने घाबरत नाही तर निवांत बसून सांगावं, म्हणून. कागदावर आहे ते सगळीकडे मिळतंच असं मी म्हणणार नाही. जबाब घ्यायला गणवेशात आलेले साहेबही मी पाहिलेत. पण मागायला आपल्याला माहीत पाहिजे. गटातल्या चौघी शांतपणे उभ्या राहून “साहेब, कायद्यात असं आहे” म्हणाल्या, की बहुतेक वेळा ऐकलं जातं.

दुसरी बाजूही

एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे, “खोट्या केसेसही होतात, त्याचं काय?” प्रश्न योग्य आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये १९८३ साली एका बालवाडीच्या चालकांवर असे आरोप झाले. शेकडो मुलांना पुन्हा पुन्हा, उत्तर सुचवत प्रश्न विचारले गेले. मुलं अशक्य गोष्टी सांगू लागली. १९९० पर्यंत खटला चालला आणि एकालाही शिक्षा झाली नाही. निरपराध माणसांची वर्षं गेली. आणि एखाद्या मुलाच्या बोलण्यात खरंच काही असेल, तर तेही त्या गोंधळात कायमचं बुडालं.

म्हणून “मग काय झालं?” हा साधा प्रश्न दोघांनाही वाचवतो. खरं बोलणाऱ्या मुलीला वाचवतो आणि खरोखर निरपराध असलेल्या माणसालाही. खरं-खोटं आपण ठरवायचं नाही. ते कोर्ट ठरवेल. गावबैठक बसवून पैसे देऊन मिटवणं, लग्न लावून देणं, आरोपीला मारणं, मुलीचा फोटो किंवा नाव व्हॉट्सॲपवर टाकणं, यातलं काहीही आपलं काम नाही आणि त्यातलं बरंचसं गुन्हा आहे.

शेवटी

त्या घटनेनंतर दोन-तीन वर्षांनी एका दुसऱ्या गावात मी अशीच एका मुलीजवळ बसले. ती बोरांबद्दल बोलत होती. कुठल्या झाडाची गोड, कुठल्याची आंबट. बराच वेळ. बाहेर मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला, माझ्या जिभेवर प्रश्न आला होता. मी तो गिळला आणि म्हणाले, “मग काय झालं?” ती बोरांवरून झाडावर आली, झाडावरून झाडामागच्या खोपीवर आली आणि मग रडायला लागली. पुढचं सगळं तिने स्वतः सांगितलं. माझा एक शब्दही त्यात नव्हता.

पहिली मुलगी आता मोठी झाली आहे. तिच्या लग्नाचं आमंत्रण मला आलं होतं. मी गेले. तिने हसून माझ्या पाया पडायला वाकली, मी तिला धरलं. माझ्या चुकीची भरपाई त्याने होत नाही. पण तुमच्यापैकी कुणाच्या चुलीपुढे उद्या एखादी पोर येऊन मांजरीच्या पिल्लांचं सांगायला लागली, तर भाकरी करपली तरी चालेल, तिचं ऐका.



(जवळ लिहून ठेवा: मुलांसाठी १०९८. महिलांसाठी १८१. तातडीची मदत ११२. मन फार अस्वस्थ असेल तर टेलिमानस १४४१६. मोफत वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्नाची अट नाही. पीडितांना अर्थसाहाय्य आणि समुपदेशनासाठी राज्याची ‘मनोधैर्य’ योजना २०१३ पासून आहे, तिचीही चौकशी प्राधिकरणातच करा. जिल्ह्याच्या ‘सखी’ वन स्टॉप सेंटरमध्ये एकाच जागी मदत मिळते.)